चाक सुटल्यापासून चाक टेकेपर्यंत

माउंटन बायकिंगचा व्हिडिओ समजून घ्यायचा असेल तर तो एकदा आवाज बंद करून पाहावा. संगीत गेले की निम्मा थरार गळून पडतो. उरतो तो कॅमेऱ्याने आणि कात्रीने कमावलेला. तो त्यांनी कसा कमावला हे शोधण्यात माझ्या गेल्या पावसाळ्यातल्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या, आणि त्या शोधातून आमचा स्वतःचा एक छोटा व्हिडिओ उभा राहिला. ही सगळी खटपट कशी झाली ते सांगतो.

मी गोव्यात साखळीला व्हिडिओ संकलनाचे काम करतो. लग्ने, मुंजी, जत्रा, कालोत्सव, नाट्यस्पर्धेतली नाटके असे वर्षभर काही ना काही चालू असते. माझा भाचा आणि त्याचे मित्र साखळी-केरी पट्ट्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, आणि काजूच्या डोंगरांवर सायकली चालवतात. हौसेने, पण मन लावून. पावसाच्या तोंडावर तो घरी आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "मामा, हे बघ. प्रत्यक्षात इथे आमची फाटते, आणि स्क्रीनवर मात्र मुले मैदानात सायकल फिरवताहेत असे दिसते. उतार जातो कुठे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्या ठिकाणी मी स्वतः गेलेलो आहे, तिथे उतरताना झाडाला धरावे लागते. मग तो उतार व्हिडिओत सपाट कसा झाला? आणि ज्यांचे व्हिडिओ पाहून आपले पाय खुर्चीखाली आखडतात, ते वेगळे काय करतात? मी त्याला म्हटले, आधी एक चांगला व्हिडिओ घेऊन त्याचे पार शिवण उसवून बघू, मग कॅमेरा हातात घेऊ.

निवड सोपी होती. डॅनी मॅकआस्किल या स्कॉटिश सायकलपटूचा 'द रिज' हा २०१४ साली आलेला व्हिडिओ या क्षेत्रातल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. स्टू थॉमसनने दिग्दर्शित केलेला, कट मीडियाने बनवलेला, पावणेआठ मिनिटांच्या आसपासचा. डॅनी १९८५ साली स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जन्मला, आणि व्हिडिओही त्याच बेटावरच्या कुलिन पर्वताच्या धारेवर चित्रित झालेला आहे. धार म्हणजे खरोखर धार. दोन्ही बाजूंना दरी आणि मधून जेमतेम वाट. त्यात इनॅक्सेसिबल पिनॅकल नावाचा ९८६ मीटर उंचीचा सुळका येतो. तिथे पोचायला प्रस्तरारोहण करावे लागते, आणि हा माणूस सायकल पाठीवर घेऊन तिथे चढतो.

पहिल्यांदा आम्ही तो सलग पाहिला, आवाजासकट, मध्ये एकदाही न थांबता. माझ्या हातात पेन्सिल आणि कागद होता. पोटात हलले की मिनिट-सेकंद लिहायचे, बाकी काही नाही. हे काम पहिल्याच पाहण्यात उरकावे लागते. दुसऱ्यांदा बघताना पुढे काय येणार ते माहीत असते, आणि अंगावर आलेला काटा पुन्हा तसाच येत नाही. भाच्याने स्वतःच्या कागदावर वेगळ्या खुणा केल्या. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तो सायकल चालवणारा असल्याने त्याच्या खुणा अवघड हालचालींवर होत्या. माझ्या खुणा बहुतेक त्याच्या आधीच्या शॉटवर होत्या, म्हणजे सायकल अजून काही करायची होती तेव्हा. प्रेक्षक म्हणून मी आधीच घाबरलो होतो. का घाबरलो, याचे उत्तर त्या आधीच्या शॉटमध्येच असणार.

मग आवाज बंद करून पाहिला. मग डोळे मिटून नुसता ऐकला. मग खरे काम. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, पुढे जाते आणि स्वल्पविरामाची दाबली की एक फ्रेम मागे. इतके साधे हत्यार पुरते. वहीत रकाने पाडले: शॉट कुठे सुरू, कुठे संपला, माणूस चौकटीत केवढा, कॅमेरा वर की खाली की डोक्यावर, सायकल कोणत्या बाजूला चालली, दरी कोणत्या बाजूला, काय ऐकू येते, आणि पुढच्या शॉटशी सांधा कसा जुळवला. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात वेळ लागतो आणि शिकायलाही त्यातच सगळ्यात जास्त मिळते. आम्ही पूर्ण व्हिडिओ भरला नाही. ज्या जागांवर दोघांपैकी एकाची तरी खूण होती, त्याच्या आजूबाजूचा भाग तेवढा भरला.

त्यातून पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे घाई अजिबात नाही. व्हिडिओ सुरू होतो तो होडीत. माणूस, सायकल, पाणी, समोर डोंगर. सायकलचा एकही पराक्रम झालेला नसतो. आजकालच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या तीन सेकंदांत सगळ्यात मोठी उडी दाखवून टाकायची असते, इथे तसे काही नाही. आधी डोंगर केवढा आहे ते कळू देतात. पुढे वरून घेतलेल्या शॉट्समध्ये माणूस मुंगीएवढा होतो, धारेवर सरकणारा एक ठिपका. त्या मोठ्या शॉटमध्ये दरी कुठे आहे हे डोळ्यांनी एकदा नोंदवले की नंतर जवळच्या शॉटमध्ये दरी दिसली नाही तरी ती तिथेच असते. फक्त चाक आणि खडक दाखवला तरी मन बाजूची पोकळी भरून घेते. माझ्या पेन्सिलीच्या खुणा आधीच्या शॉटवर का होत्या ते इथे उलगडले.

भाच्याच्या क्लिप पुन्हा काढून बघितल्या. सगळ्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याच्या. जागा कुठली, उंची किती, खाली काय आहे, हे सांगणारा एकही शॉट नव्हता. प्रेक्षकाच्या मनात काही साठवलेच नाही, तर त्याने आठवायचे काय?

हेल्मेट कॅमेऱ्याची दुसरी अडचण भिंगाची. या कॅमेऱ्यांची भिंगे खूप रुंद दृश्य पकडतात. जवळचे हँडल, हात मोठे दिसतात आणि पाच-सहा मीटरवरची जमीन लांब, लहान आणि पसरट होऊन जाते. खोली चौकटीच्या मध्यावर चिमटली जाते. त्यातच डोके उतारासोबत खाली झुकलेले असते, म्हणजे कॅमेराही झुकलेला, म्हणजे उतार चौकटीला समांतर. मग तो दिसणार कसा? 'द रिज'मध्येही हेल्मेटवरून घेतलेले शॉट आहेत. पण ते येतात तेव्हा बाहेरून आपण ती जागा पाहिलेली असते, त्यामुळे ते उतार दाखवण्याच्या जबाबदारीतून मोकळे असतात. त्यांनी फक्त हादरे, तोल आणि हातांची पकड दाखवायची.

उतार दाखवायचा तर बाजूने दाखवावा, कॅमेऱ्याचे क्षितिज सरळ ठेवावे, आणि चौकटीत काहीतरी उभे असावे ज्याच्याशी नजर उताराची तुलना करील. हे कळल्यावर आम्ही लगेच जवळच्या बागायतीत जाऊन मोबाइलवर प्रयोग केला. एकाच उताराचे दोन शॉट घेतले. एकात मागे माड होते, दुसऱ्यात पोफळी. माडांच्या पुढे उतार पुन्हा सपाट वाटू लागला, कारण माड सरळ वाढत नाही. तो कुठेतरी कलतो आणि डोळा त्याचा कल आणि जमिनीचा कल एकमेकांत मिसळून टाकतो. पोफळ मात्र ओळंब्यात उभी. तिच्या पुढून तीच सायकल, त्याच उतारावरून गेली आणि भाचा ओरडलाच, "मामा, हाच! हाच आमचा उतार!" सिनेमाच्या कुठल्या पुस्तकात पोफळीचा उल्लेख असेल असे वाटत नाही, पण गोव्यात सायकलचा व्हिडिओ काढणाऱ्याने कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, हेरून ठेवावे.

दिशेचा रकाना भरताना जुना नियम पुन्हा पटला. हालचालीची एक अदृश्य रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. सायकल डावीकडून उजवीकडे चालली असेल तर पुढच्या शॉटमध्येही तशीच चालली पाहिजे. रेषा ओलांडली की सायकल परत फिरली असे वाटते. लग्नाच्या वरातीत हे चुकले तर फारसे बिघडत नाही. डोंगराच्या धारेवर बिघडते, कारण दरी डावीकडे की उजवीकडे हा प्रेक्षकाच्या जिवावरचा प्रश्न असतो. आमच्याकडे केरीजवळच्या उंचावरून अंजुणे धरणाचे पाणी दिसते. ठरवून टाकले की उतरताना पाणी नेहमी चौकटीच्या डाव्या अंगाला. पाण्याने आम्हाला तेच काम करून दिले जे स्कायला समुद्राने केले आहे.

आता मूळ मुद्दा, म्हणजे कट.

सायकलच्या व्हिडिओत उडी दाखवायची एक रूढ पद्धत आहे. जमीन सोडताना एका बाजूने, हवेत असताना दुसऱ्या बाजूने अतिशय संथ गतीत, टेकताना तिसऱ्या बाजूने. दिसायला देखणी. पण कागदावर पोटाच्या खुणा तपासल्या तर अशा उडीवर माझी खूण क्वचितच पडते. मधे दोनदा कट झाला आहे. तीन तुकडे तीन वेगळ्या प्रयत्नांतले असू शकतात, हे मनाला कुठेतरी कळते. कुणी फसवले आहे असे म्हणायचे नाही, पण साक्ष मिळालेली नसते. याच्या उलट, चाक जमिनीवरून सुटले तिथपासून चाक जमिनीला टेकले तिथपर्यंत शॉट अखंड राहिला, माणूस आणि जागा दोन्ही चौकटीत राहिली, तर मग शंकेला जागाच नाही. 'द रिज'च्या अखेरीकडे काटेरी तारेच्या कुंपणावरून घेतलेली पुढची कोलांटी आठवून पाहा. कुंपण, माणूस, सायकल एकाच चौकटीत आहेत म्हणून ती आठवते.

हलत्या चित्रांची सुरुवातच मुळी साक्षीपासून झाली. धावत्या घोड्याचे चारही खूर एका क्षणी हवेत असतात का, हा वाद होता. १८७८ साली एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात पालो आल्टोला ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची चित्रे घेतली आणि चारही खूर सुटलेले दाखवले. सायकलची दोन्ही चाके हवेत दाखवणारा आजचा प्रत्येक जण त्याच वाटेवरचा आहे. मी हे भाच्याला सांगितले तेव्हा त्याने विचारले, "पण मामा, शॉट अखंड असला तरी वेग बदलून फसवता येतेच ना?"

येते. आणि ते पकडताही येते. पडणाऱ्या वस्तूला गुरुत्वाकर्षण सवलत देत नाही. कड्यावरून सरळ आडवी सुटलेली सायकल १ मीटर खाली यायला साधारण ०.४५ सेकंद घेते, २ मीटरला ०.६४, ३ मीटरला ०.७८. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने हे अनुक्रमे ११, १६ आणि १९-२० फ्रेम होतात. पूर्णविरामाची कळ दाबत फ्रेम मोजायच्या. २ मीटरच्या पायरीवरून उतरायला सायकलला ६४ फ्रेम लागल्या तर तो शॉट सेकंदाला १०० फ्रेमने घेऊन चौपट संथ केलेला आहे. उंचीचा अंदाज येत नसेल तर चाकाखालून उडालेले खडे बघावेत, तेही त्याच नियमाने पडतात. भाच्याला या मोजणीचे वेडच लागले. कोणताही व्हिडिओ समोर आला की तो फ्रेम मोजू लागला, आणि बऱ्याचदा आढळले की उडीच्या सुरुवातीला वेग खरा, मध्ये हळूच मंद केलेला आणि टेकण्याआधी पुन्हा खरा. यात वाईट काही नाही. संथ गतीमुळे शरीर हवेत कसे वळते ते दिसते. पण मला वाटते की आधी एकदा खऱ्या वेगात साक्ष द्यावी आणि मग हवी तेवढी शोभा करावी. उलट्या क्रमाने केले तर शोभेवरच संशय बसतो.

अखंडतेचे टोक पाहायचे म्हणून २०१५ च्या 'अनरिअल' या चित्रपटातला ब्रँडन सेमेनक या सायकलपटूचा भागही पाहिला. अँथिल फिल्म्स आणि टीटन ग्रॅव्हिटी रिसर्चचा हा चित्रपट. त्यातला हा संपूर्ण भाग एकाच शॉटमध्ये आहे. सायकलच्या वाटेला समांतर धावणाऱ्या ट्रकवर जायरो यंत्रणेने हादरे न बसता स्थिर ठेवलेला कॅमेरा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही कट नाही. एक उडी बिघडली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. साक्ष म्हणून याहून भक्कम काही मी पाहिलेले नाही. तरी माझ्या कागदावर त्याच्या वाट्याला पोटाच्या खुणा कमी आल्या. आश्चर्य वाटते, भीती कमी वाटते. कॅमेरा सोबत राहतो, पण थांबून मागे सरकून पुढची जागा दाखवायला त्याला सवड नसते. भाच्याचे मत माझ्या अगदी विरुद्ध आहे, त्याच्या मते सायकलच्या आजवरच्या चित्रीकरणात हेच सर्वोत्तम. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

पाऊस ओसरल्यावर जागा शोधायला निघालो. चोर्ला घाटाभोवतीचे बरेचसे रान म्हादई अभयारण्यात येते. १९९९ साली जाहीर झालेल्या या २०८ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात सायकली दामटायला जायचे नाही हे आधीच ठरले होते. ड्रोनचाही विचार सोडला. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा-पिवळा-लाल पट्टा बघून उडवावे लागते, आणि रानाच्या कडेला पक्ष्यांच्या डोक्यावर ते घोंघावणे मला बरे वाटेना. ओळखीच्या एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, काजूच्या भाटात (बागायतीत), वापरात नसलेल्या चिरेखाणीच्या काठावर त्याने परवानगी दिली. खाणीत यंत्राने कापलेल्या जांभ्याच्या पायऱ्या आहेत, कडा अगदी काटकोनात. त्यातली दीड मीटरची एक पायरी मुलांनी हेरली. कापीव जांभा कोरडा असला की टायर घट्ट धरतो. स्कायचा गॅब्रो दगडही असाच खरबरीत म्हणून प्रसिद्ध आहे. पण जांभ्यावर शेवाळ असेल तर पायही ठरत नाही, म्हणून शेवाळ पूर्ण वाळेपर्यंत आम्ही थांबलो.

ड्रोन नाही तर उंचीवरचा मोठा शॉट कसा मिळवायचा? समोरच्या डोंगरावरून, दरीपलीकडून, लांब पल्ल्याच्या भिंगाने. एका मुलाला सोबत घेऊन मी पलीकडे गेलो. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून लाल पंचा हलवला की निघायचे अशी खूण ठरवली. लांब भिंग मागचे-पुढचे एकमेकांवर आणून बसवते. हेल्मेटच्या कॅमेऱ्यात पसरट झालेला तोच उतार इथे भिंतीसारखा उभा राहिला. फक्त हे काम भल्या पहाटे उरकावे लागते. ऊन चढले की दरीतली तापलेली हवा थरथरू लागते आणि सायकल वितळल्यासारखी दिसते.

सकाळ आणखी एका कारणाने हवी. आमच्या दुपारच्या उन्हात जांभ्याचा सडा म्हणजे नुसता एक लाल पट्टा. खाच, खडा, पायरी काहीच उठून दिसत नाही, आणि कॅमेऱ्यात लाल रंग इतका भरतो की त्यातले बारकावे बुजतात. स्कायला ढगाळ, मऊ उजेड असतो. आपल्याकडे त्याच्या जागी तिरपे कोवळे ऊन वापरायचे. प्रत्येक खड्याला सावली मिळते आणि मग तिथून चाक जाताना अंगाला हादरा जाणवतो.

शटरचा, म्हणजे एकेक फ्रेम टिपायला कॅमेरा किती वेळ उघडा राहतो याचा, धडाही या उसवण्यातूनच आला. व्हिडिओ थांबवून चाकाच्या तारा बघायच्या. तारा पुसट, पंख्यासारख्या दिसल्या तर शटर हळू होते. एकेक तार सुटी मोजता आली तर शटर वेगवान होते. ताशी २५ किलोमीटरने जाणारी सायकल १/५० सेकंदात १४ सेंटिमीटर पुढे सरकते, १/१००० सेकंदात जेमतेम ७ मिलिमीटर. पहिल्यात हालचाल चित्रावर ओढली जाते आणि वेग जाणवतो. दुसऱ्यात प्रत्येक फ्रेम खणखणीत येते पण हालचाल तुटक वाटते. मोबाइल किंवा हेल्मेट कॅमेरा उन्हात आपोआप शटर वाढवतो, म्हणून मुलांच्या सगळ्या क्लिप तुटक होत्या. आम्ही भिंगावर उजेड कमी करणारी काळपट काच, म्हणजे एनडी फिल्टर, चढवून, सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर धरून शूट केले. संथ गतीचे शॉट वेगळे, १०० फ्रेमने.

पायरीवरून उतरण्याचा शॉट मी बाजूने घेतला. कॅमेरा तिपाईवर, क्षितिज सरळ, पायरीची कापलेली कड आणि खालचा तळ दोन्ही चौकटीत, सायकलमागे हलवायचा नाही. मुलांनी आधी तळाशी भुसभुशीत मातीचा उतार करून घेतला होता, हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे संरक्षण घातले होते. घरी आल्यावर फ्रेम मोजल्या. पुढचे चाक कडेवरून सुटल्यापासून टेकेपर्यंत १४. हिशेबाप्रमाणे दीड मीटरला तेवढ्याच लागायला हव्यात.

आता आवाजाचे. डोळे मिटून ऐकताना मला एक गोष्ट लागली होती, ती इथे कामाला आली. सायकल जमिनीवर असते तेव्हा टायरखाली खडी खरखरते, त्या आवाजात फ्रीव्हील, म्हणजे पॅडल थांबले तरी मागचे चाक फिरू देणारे चक्र, बुडून जाते. चाके हवेत गेली की खरखर एकदम बंद होते आणि पॅडल थांबलेले असल्याने फ्रीव्हीलची टर्रर्र तेवढी उघडी पडते. मग धप्प, आणि पुन्हा खरखर. ती मधली टर्रर्र म्हणजे कानाने ऐकू येणारी उंची. पण सायकलला बांधलेल्या माइकमध्ये वाऱ्याच्या घोंगावण्याखाली ती सापडेना. म्हणून नंतर संध्याकाळी, वारा पडल्यावर, खाणीतच बसून वेगवेगळे आवाज रेकॉर्ड केले. सायकल उलटी ठेवून चाक फिरवले, टायर जांभ्यावर घासला, मातीवर आपटला. संकलनात चित्राच्या फ्रेमला फ्रेम लावून बसवले. खरखर ज्या फ्रेमला चाक सुटते त्याच फ्रेमला तोडायची. दोन फ्रेम उशीर झाला तरी उडी खोटी वाटते.

संगीतावरून मात्र बरेच दिवस अडले. 'द रिज'ला मार्टिन बेनेट या स्कॉटिश संगीतकाराचे 'ब्लॅकबर्ड' आहे, २००३ च्या 'ग्रिट' या अल्बममधले. त्याच मातीतला लोकसूर, हळूहळू भरत जाणारा. मुलांना एखादा परदेशी ठेका हवा होता. मी म्हटले, त्या लोकांनी आपल्या डोंगराला आपलेच संगीत लावले, आपण का उसने आणायचे? शेजारच्या गावात सुवारी, म्हणजे गोव्याचे पारंपरिक तालवादन, वाजवणारी मंडळी आहेत. घुमट म्हणजे तोंडाला कातडे लावलेले मातीचे मडके, सोबत शामेळ आणि कांसाळे. घुमट २०१९ साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झाले. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत, आता कायद्याने ते बंद आहे आणि बकऱ्याचे लावतात. त्यांच्याकडून संथ लयीत सुरू होऊन चढत जाणारी सुवारी वाजवून घेतली. सुरुवातीच्या चढणीला, पाण्याच्या शॉटला ती अशी बसली की मुलांनी परदेशी ठेक्याचे नाव पुन्हा काढले नाही.

मग टाइमलाइनवर पेच आला. सुवारीची सम आणि चाक टेकण्याची फ्रेम जुळत नव्हती, सम आधी येत होती. असा पेच आला की हात आपोआप शॉट कापायला जातो. उडी मध्ये तोडायची, दुसरा कोन घालायचा, तालाशी जुळवून घ्यायचे. भाचा म्हणाला, "मामा, काप ना, कुणाला कळणार?" मी नाही म्हटले. वाजवणाऱ्यांकडे परत गेलो आणि समेच्या आधी ठेका एकदा सोडून मोकळी जागा ठेवाल का म्हणून विचारले. थोरल्या वादकाने व्हिडिओ लॅपटॉपवर पाहिला, पायरीशी आल्यावर हात वर धरला, सायकल टेकली तशी घुमटावर थाप मारली आणि म्हणाले, "असेच ना?" नेमके तसेच हवे होते. आता त्या १४ फ्रेममध्ये ताल नाही, फक्त फ्रीव्हील आहे, आणि थाप टेकण्यावर पडते. त्याच उडीचा संथ शॉट त्याच्यानंतर लगेच येतो, तिथे घुमट मोकळा सुटतो.

मुलांना आता पावसातली वाट शूट करायची आहे. त्यासाठी भाच्याने ओल्या रानातले व्हिडिओ निवडून वहीत नवीन पाने आखली आहेत, आणि एक रकाना स्वतःहून वाढवला आहे: भिंगावर पाणी कधी पडले आणि कुणी, कुठल्या कटच्या आड ते पुसले.